पार्श्वसंगीताच्या रकान्यातलं नाव

मला आयुष्यात एकच बक्षीस मिळण्याची वेळ आली होती. ते का मिळालं नाही हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी चार पाहुणे जमले की बायको म्हणते, "सांगा ना ते, कोपरीचं." मग मी सांगतो. दर वेळी थोडं स्वतःच्या बाजूने सांगतो, आणि ती दर वेळी मधेच थांबवून दुरुस्त करते. इथे ती शेजारी बसलेली नाही, पण तिच्या दुरुस्त्या धरूनच लिहितो.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. डोंबिवलीत आम्ही तिघं दोन खोल्यांत राहायचो, मी, बायको आणि आई. नोकरी ठाण्यात, पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये. कारखान्याचं एक कलामंडळ होतं. वर्षातून एक एकांकिका बसवायची आणि ठाण्यात कंपन्या-कंपन्यांची जी स्पर्धा व्हायची तिच्यात करायची, एवढंच त्याचं काम. माझा आवाज चांगला आहे असा माझा समज होता, म्हणून मी मोठ्या उमेदीने पहिल्या वाचनाला गेलो. दिग्दर्शक आमच्या हिशेब खात्यातला. त्याने माझं अर्धं पान ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तू असं कर, आवाजाचं बघ." मला वाटलं, कौतुक आहे. घरी येऊन तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात एक कॅसेट आणि कोणत्या वाक्याला दाराची बेल वाजवायची याची यादी आली.

पुढची पाच वर्षं मी विंगेत बसून बेल वाजवली, कुत्रं भुंकवलं, मूल रडवलं, फोन खणखणवला. एकदा फोन नटाने उचलल्यावरही खणखणत राहिला. नटाने प्रसंग राखून "क्रॉस कनेक्शन!" असं ओरडून टाळी घेतली. टाळी त्याला आणि दिग्दर्शकाच्या शिव्या मला, अशी वाटणी झाली.

या स्पर्धांत तांत्रिक बक्षिसं नावाचा प्रकार असे. नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा. ती समारंभाच्या सुरुवातीलाच उरकायचे, लोक अजून खुर्च्या सरकवत आणि ओळखीच्यांना हात करत असताना. अभिनयाची बक्षिसं शेवटी, टाळ्या वाजवायला सगळे जागेवर आल्यावर. आवाजाचं असं वेगळं बक्षीस नव्हतंच. पेटी वाजवणारा, कॅसेट लावणारा आणि पत्रा हलवून गडगडाट करणारा, सगळे एकाच रकान्यात, पार्श्वसंगीत. तरी मला ते बक्षीस हवं होतं. फार हवं होतं. प्रमाणपत्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत कुठे लावायचं ती जागासुद्धा मी ठरवून ठेवली होती. आईला वाटायचं, मी त्या भिंतीकडे बघतो ते ओल आली म्हणून.

सहाव्या वर्षी संधी आली. आमच्याच एका फोरमनने एकांकिका लिहिली होती. खाडीवर तर, म्हणजे लोकांना पलीकडे नेणारी होडी, चालवणारा एक म्हातारा, पलीकडे जायला पूल झालेला, होडीतून आता कोणी येत नाही. शेवटच्या प्रसंगात रंगमंचावर जवळजवळ अंधार आणि म्हातारा एकटाच होडी वल्हवत निघून जातो. संवाद नाही. सव्वा मिनिट फक्त वल्ह्याचा आणि पाण्याचा आवाज. दिग्दर्शक म्हणाला, "हे सव्वा मिनिट तुझं. नाटक इथे उभं राहील नाहीतर बसेल."

मी टू-इन-वन, म्हणजे घरचा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला डबा, घेऊन खाडीवर गेलो. तासभर रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन ऐकलं तर सगळा वारा, आणि मधे एक बाई कोणाला तरी विचारते आहे, "काय रं, त्यो मानूस रडियो घेऊन चिखलात कशाला बसलाय?"

मग खाडी घरी आणायची ठरली. सलग तीन रविवार आमच्या मोरीत रेकॉर्डिंग झालं. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, माझ्या हातात कपडे धुवायचं धोपटणं, बायको दारात टू-इन-वन छातीशी धरून उभी. मी हात वर केला की ती बटण दाबणार. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा कुकर शिट्टी देई.

"त्यांना सांगून येऊ का, आज भात लावू नका म्हणून?" बायको विचारायची.

"अगं, बोलू नकोस, तेही रेकॉर्ड झालं."

"मग म्हाताऱ्याबरोबर म्हातारीपण होती म्हणा होडीत."

आई तीन रविवार सकाळी रेडिओवरची भजनं न लावता बसली. तिचा मुलगा मोरीत बसून पाणी का बडवतो हे शेजारणींना सांगताना ती "कंपनीचं काम आहे" असं सांगायची. अखेर सव्वा मिनिटाचं वल्हं तयार झालं. छप, छप, छप, छप. मला तर ऐकताना बोट लागायची.

आता कोपरीचे काका. ठाण्याला पूर्वेला उतरलं की कोपरीत जुनी कोळ्यांची घरं होती, त्यातल्या एका घरात ते राहायचे. मासेमारी वडलांबरोबर संपली होती. काका लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्नं, पूजा, टेंभी नाक्याकडची नवरात्रं. आमच्या मंडळाला डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक ते फुकट द्यायचे, कारण त्यांचा भाचा आमच्याकडे पॅकिंगला होता. स्वतः बरोबर येऊन विंगेत स्टूल टाकून बसायचे. नाटक बघायला नव्हे, मशीनवर नजर ठेवायला. "तुमी लोक बटनं लय जोरात दाबता," म्हणायचे.

भाडं घेत नाहीत तर निदान त्यांचं नाव कुठेतरी यावं, म्हणून मंडळात एक रीत पडली होती. स्पर्धेच्या अर्जात प्रत्येक खात्यापुढे एक नाव लिहायचं असे. पार्श्वसंगीतापुढे काकांचं नाव लिहायचं. बक्षीस कधी मिळत नव्हतं, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं. ही रीत कोणी पाडली? मी. अर्ज कोण भरायचं? मीच, माझं अक्षर बरं म्हणून. त्या वर्षीही मीच भरला, आणि हात इतका सरावलेला होता की बक्षिसाची स्वप्नं बघत बघतच मी त्या रकान्यात काकांचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

आमचा प्रयोग दुपारी बाराला होता. बायको आणि आई चौथ्या रांगेत. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. काका विंगेत स्टुलावर, मी डेकपाशी खाली बसलेला. पाऊण नाटक बिनचूक झालं. पक्षी वेळेवर ओरडले, पुलावरचे ट्रक वेळेवर गेले. शेवटच्या प्रसंगाची कॅसेट वेगळी होती. ती लावायला तीन मिनिटं होती आणि मला चैन पडेना. मी ती काढली, पेन्सिल घालून थोडी मागे घेतली. मग वाटलं जास्त मागे गेली, म्हणून पुढे घेतली. मग पुन्हा मागे. काका म्हणाले, "भाऊ, ठेवा आता." मी म्हटलं, "एकच वेढा."

दिवे मंदावले. मी बटण दाबलं. एक छप झालं. मग घर्र असा आवाज आला आणि सगळं बंद. झाकण उघडलं तर माझी सैल केलेली फीत डेकच्या दातांत शेवयांसारखी गुंडाळलेली. रंगमंचावर म्हातारा होडीत बसलेला, हातात वल्हं, आणि सभागृहात एवढी शांतता की चौथ्या रांगेतल्या आईचा खोकला मला ओळखू आला.

मी काय केलं? काहीच नाही. फीत ओढत बसलो. बायको म्हणते मी रडत होतो, पण ती तिथे नव्हती.

काका उठले. विंगेत एक जुनी लाकडी खुर्ची होती, तिची एक जोडणी ढिली. आगीसाठी ठेवलेली पाण्याची लाल बादली होती. त्यांनी माइक खुर्चीच्या पायाशी आडवा केला, बादली पुढे ओढली, एक पाय खुर्चीच्या बैठकीवर ठेवला आणि हळू दाबला. कुर्रर्र. मग हाताचा पंजा पाण्यात घालून मागे ओढला. मग काहीच नाही. तीन-चार सेकंद काहीच नाही. मला वाटलं, हेही विसरले. मग पुन्हा कुर्रर्र, पुन्हा पाणी, पुन्हा ती थांबलेली जागा. म्हाताऱ्याचं काम करणारा नट हुशार, त्याने दुसऱ्याच फेऱ्याला तो ताल पकडला. काका डोळे मिटून करत होते. शेवटी आवाज लांब गेल्यासारखा करायला त्यांनी माइकच हळूहळू मागे सरकवला. पडदा पडला. टाळ्या सुरू व्हायला जरा वेळ लागला, आणि नाटकवाल्याला तेवढा वेळ फार गोड वाटतो.

पुढचं नाटक लागायचं होतं, त्याची धावपळ. सामान उचलता उचलता दिग्दर्शकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "काय कॅसेट केलीयस रे!" मी फितीचा बोळा खिशात घातला आणि म्हणालो, "जमलं खरं." काका वायर गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांना दुपारी एका साखरपुड्याला भोंगे लावायचे होते, ते टेम्पोत सामान टाकून निघून गेले.

निकाल संध्याकाळी सहाला. नेपथ्य झालं, प्रकाश झाला. निवेदक म्हणाला, "उत्कृष्ट पार्श्वसंगीत," आणि आमच्या कंपनीचं नाव घेतलं. मी उठलो. शर्ट खोचला. मधल्या वाटेपर्यंत पोचलोही. मग त्याने काकांचं नाव घेतलं. मी तसाच पुढे चालत गेलो आणि रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी पाण्याचं पिंप होतं तिथे जाऊन पाणी प्यायलो. दोन ग्लास. दिग्दर्शकाने वर जाऊन काकांच्या वतीने प्रमाणपत्र घेतलं.

परत येऊन बसल्यावर आई म्हणाली, "अरे, तुझं बक्षीस तो कोण घेऊन गेला?"

मी सांगितलं, अर्जात नाव चुकून दुसऱ्याचं पडलं.

"कोणी भरला अर्ज?" बायकोने विचारलं.

मी वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. तिने ते ओळखलं. पण रागावली ती माझ्यावर नाही, मंडळावर. घरी जाताना वाटभर तिने ऐकवलं, की तीन रविवार तिचे हात भरून आले होते, आईंनी भजन सोडलं होतं आणि हा माणूस नुसता मशीनचा मालक, स्टुलावर बसून राहणारा. "अहो, तुम्ही काही बोलणार आहात की नाही? तुमच्या कष्टांचं आहे ते." मी म्हणालो, बघू. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण माझ्यासाठी कोणी एवढं भांडतंय ही गोष्ट इतकी नवी होती की मला ती आणखी थोडी ऐकायची होती.

सोमवारी कँटीनमध्येही तेच. सगळ्या मंडळाच्या मते माझ्यावर अन्याय झाला होता. मी मान खाली घालून चहा पीत होतो, ते माझा मोठेपणा म्हणून धरलं गेलं. दिग्दर्शक स्पर्धेच्या ऑफिसात जाऊन आला. ते लोक म्हणाले, ज्याचं नाव आहे त्याने लिहून द्यावं की काम माझं नव्हे, जुनं प्रमाणपत्र परत करावं, आम्ही नवीन नावाने देऊ. दिग्दर्शकाने पत्र टाइप करून आणलं. 'अनवधानाने माझे नाव नोंदले गेले असून सदर कामाशी माझा संबंध नाही.' खाली सहीची जागा. पत्र, प्रमाणपत्र आणि परीक्षकांनी प्रत्येक नाटकावर लिहून दिलेला अभिप्रायाचा कागद, असं सगळं एका पाकिटात घालून त्याने मला दिलं. "रविवारी जा आणि सही घेऊन ये."

तोवर मी स्वतःची एक समजूत घातली होती. बक्षीस काही सव्वा मिनिटाला मिळत नाही, पूर्ण नाटकाला मिळतं. पक्षी माझे, ट्रक माझे. काकांनी आयत्या वेळी मदत केली, त्याबद्दल आभार मानू, पेढे नेऊ. पेढे घेतलेही. ठाण्याला पूर्वेला उतरून कोपरीकडे चालताना सहज पाकिटातला अभिप्राय काढला. अभिनयावर दहा ओळी होत्या. आवाजावर दोनच. 'सुरुवातीचे पक्षी व वाहने यांचे ध्वनी अनावश्यक व कर्कश. मात्र अखेरच्या प्रसंगातील वल्ह्याचा ध्वनी, विशेषतः दोन फटक्यांमधील शांतता, या स्पर्धेतील सर्वोत्तम क्षण होय.'

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ते दोनदा वाचलं. कर्कश हा शब्द तीनदा.

काका अंगणात भोंगा खोलून बसले होते. त्यांची बायको पलीकडे सुकट पसरत होती. मला बघून त्यांनी खुर्ची दिली. मी पेढे दिले आणि पत्र पुढे केलं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. वाचताना 'संबंध नाही' जरा हळू म्हटलं.

"मंग बरोबर हाय," काका म्हणाले. "नाटक तुमचं. माझा काय संबंद? कुठं करू सई?" आणि त्यांनी खिशातलं पेनही काढलं.

इतकं सोपं होतं. पेन टेकलं होतं. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "पन भाऊ, त्यांना आवडलं काय त्यातलं?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते टेम्पोतून गेले ते थेट साखरपुड्याला. मला तिथे काहीही सांगता आलं असतं. पक्षी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी अभिप्रायाचा कागद काढला आणि वाचला. पक्ष्यांची ओळ गाळली, तेवढी माणुसकी मी स्वतःला दाखवली.

काकांनी पेन बाजूला ठेवलं. "परत वाचा."

मी परत वाचलं. त्यांनी हाक मारली, "अगो, हिकरं ये. ऐक हे काय लिवलंय." मी तिसऱ्यांदा वाचलं. काकू ओल्या हातांनी उभ्या राहून ऐकत होत्या.

"दोन फटक्यांच्या मधी गप्प," काका तिला म्हणाले. "हे त्यांनी बरोबर धरलं बग." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या केसेटीत वल्हं नुसतं पानी मारत व्हतं. तालमीत ऐकलं तवाच मनात आलं. बांधलेलं वल्हं आदी दोरीला कुरकुरतं, मंग पानी कापतं, मंग होडी चालते. चालते तवा गप्प. आमचा बाप मना तेवढंच शिकवायचा. म्हनायचा, तिला चालू दे, लगेच दुसरा मारू नको."

"मग तालमीत का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं नाय."

हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. मग त्यांनी पेन उचललं आणि पत्रावर सही केली. मी अरे अरे म्हणेपर्यंत केलीसुद्धा. "तुमी घरी काय सांगनार? आई आलेली तुमची. प्रमानपत्र तुमी घ्या. मना हा कागद द्या," अभिप्रायावर बोट ठेवून म्हणाले. "हा बरा हाय. ह्यात काम लिवलंय."

म्हणजे मी डोंबिवलीला परत आलो तेव्हा माझ्याकडे सगळं होतं. सही होती, प्रमाणपत्र होतं, आणि खरं सांगणारा कागद कोपरीत राहिला होता. बायकोने दार उघडताच विचारलं, "केली सही?"

"केली."

"बघा. उगाच घाबरत होता."

आईने देवापुढे साखर ठेवली. मी हातपाय धुऊन आलो, जेवायला बसलो, आमटीचा एक घास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. फीत, खुर्ची, बादली, पाण्याचं पिंप, सगळं. बायकोने वाढणं थांबवलं. आई देवापुढची साखर परत डब्यात टाकावी की नाही, या विचारात पडलेली दिसली.

"म्हणजे आपलं वल्हं वाजलंच नाही?" बायकोने विचारलं.

"एक छप वाजलं."

"आणि आठवडाभर मी ऑफिसातल्या बायकांना सांगत होते त्याचं काय?"

"तेही चुकीचं."

तिने पळी पातेल्यात ठेवली. मग म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही एक अर्ज बरोबर भरलात, आणि तो दुरुस्त करायला निघालात." एवढं बोलून तिने मला आणखी आमटी वाढली. तिने ते पत्र घेतलं, वाचलं आणि डब्याखाली घालायला ठेवून दिलं.

दिग्दर्शकाला सोमवारी सांगितलं. तो चिडला, पण प्रयोगापेक्षा जास्त पत्र टाइप करायला लागलेल्या वेळाबद्दल. मंडळात दोन-तीन दिवस मला बघून खुर्च्या कुरकुरवल्या गेल्या. मग सगळे विसरले.

पुढच्या रविवारी बायको म्हणाली, मीही येते. आईही निघाली. तिघं कोपरीला गेलो. प्रमाणपत्र बायकोने वाटेत फ्रेम करून घेतलं होतं, आमच्या भिंतीसाठी मी जी पसंत करून ठेवली होती तीच सोनेरी काठाची. काकांनी आधी नको-नको केलं, मग हात पुसून ते घेतलं. आईने त्यांना विचारलं, "तुम्ही वडलांबरोबर कुठून कुठे जात होता हो?" आणि त्यांनी तिला भरती-ओहोटीपासून सगळं सांगायला घेतलं. काकूंनी बायकोला आत नेऊन कोलंबीचं सुकं खायला दिलं. खिळा ठोकायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "भाऊ, जरा स्टूल धरा, ह्याचा एक पाय हलतो."

मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. काका वर चढले, खिळा ठोकला, फ्रेम लावली आणि तिथूनच विचारलं, "सरळ हाय?"

"डावीकडे थोडं वर घ्या," मी म्हणालो.